फियाट, प्रेसिडेंट की पद्मिनी? १९७३ च्या गाडीवर नाव कुठलं लावायचं

हरिपूर_रोड (सांगली)

गाडी १९७३ ची, पासिंग फेब्रुवारी १९७४ चं. आरसी बुकात कंपनी 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स' आणि मॉडेलच्या रकान्यात नुसतं 'फियाट'. डिकीवर आत्ता 'पद्मिनी' अशी अक्षरं आहेत, पण ती अ‍ॅल्युमिनियमची नक्कल, डबल टेपनं चिकटवलेली. पत्रा घासायला घेतला तेव्हा त्या अक्षरांखाली पुटीनं बुजवलेली भोकं निघाली, एक नाही, दोन संच. पुढच्या आठवड्यात गाडी रंगाला जाणार आहे, त्याआधी हे मिटवायचंय.

या वर्षाच्या गाडीवर नाव कुठलं बरोबर? आणि या 'फियाट'चा मूळ अर्थ तरी काय? गॅरेजवर एक जण म्हणतो मालकाचं आडनाव, दुसरा म्हणतो लॅटिन शब्द, तिसरा म्हणतो आद्याक्षरं. सोबत मिळालेला जुना बिल्ला जस्ताचा ओतीव आहे, त्याला पुळ्या आल्यात आणि मागची एक पिन तुटलीय. तो पुन्हा क्रोम होतो का? व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार आहे, तिथे बिल्ल्यावरून खोट काढतात का?

जुनं_लोखंड (मिरज)

आडनाववाल्याला आधी घरी पाठवा. फोर्ड, रेनॉ, फेरारी ही माणसांची नावं. फियाट नावाचा माणूस त्या कारखान्यात कधीच नव्हता. ११ जुलै १८९९ ला इटलीतल्या तुरिन शहरात कंपनी स्थापन झाली, संस्थापकांत ज्योव्हान्नी अन्येल्ली होते, आणि नाव ठेवलं 'फाब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरिनो'. म्हणजे तुरिनचा इटालियन मोटार कारखाना. त्याची चार आद्याक्षरं म्हणजे फियाट. आपल्याकडे 'अमुक तालुका सहकारी साखर कारखाना' असतो, त्याच जातीचं नाव: गाव, देश, माल, सगळं पाटीवर.

आता तुमची गाडी. ती बनवली कुर्ल्याच्या प्रीमियरनं, इटलीतून आलेली नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. सांगलीकरांना वालचंद म्हटलं की विश्रामबागचं कॉलेज आठवतं (१९४७ चं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज, १९५५ पासून वालचंद), सातारकरांना सातारा रोडची फाउंड्री. तेच हे वालचंद. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग फियाटशी करार झाला. आधी छोटी ५००, नंतर ११००.

त्या ११०० ला आपल्याकडे इतकी नावं मिळाली की सुटा भाग मागताना दुकानदारही गोंधळतो. मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही गोल अंगाची पिढी. पुढचं दार उलटं उघडणारी, लोकांच्या तोंडी 'डुक्कर फियाट'. १९६४ पासून ११००डी, तिलाच 'डिलाइट' म्हणायचे. दारं सरळ झाली, अंग चौकोनी झालं. फियाटशी परवान्याचा करार संपल्यावर १९७३ मध्ये तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

म्हणजे तुमची गाडी बरोबर उंबरठ्यावरची आहे. १९७३ चं उत्पादन धरलं तर 'पद्मिनी' नक्की नाही, ते कुणीतरी नंतर चिकटवलंय. डिलाइट की प्रेसिडेंट हे आता डिकीची भोकंच सांगतील. आरसीवरच्या 'फियाट'वर भिस्त ठेवू नका. कारकुनानं लोक म्हणतात ते लिहिलं. पद्मिनीच्या शेवटच्या वर्षांतही लोक तिला फियाटच म्हणत होते.

शब्दवेल्हाळ (सातारा)

आद्याक्षरं हे उत्तर बरोबर, पण लॅटिनवाल्यालाही अगदी खोटं ठरवू नका. 'फियाट' हा लॅटिनमध्ये अर्थपूर्ण शब्द आहेच. 'फिएरी' म्हणजे होणे, घडणे, त्या क्रियापदाचं तृतीयपुरुषी एकवचनी रूप. अर्थ 'होवो'. बायबलच्या लॅटिन पाठातलं 'फियाट लुक्स' म्हणजे 'प्रकाश होवो'. कंपनीचं नाव आद्याक्षरांतून निघालं आणि ती आद्याक्षरं जुळून असा शब्द झाला, इतकंच. उलट क्रम लावला की 'सहा गल्ल्या म्हणून सांगली' असली व्युत्पत्ती होते: ऐकायला गोड, गावभर प्रसिद्ध.

त्याच काळातल्या काही नावांत मात्र लॅटिन मुद्दाम वापरलंय. ऑगस्ट हॉर्श यांना आपल्याच पहिल्या कंपनीतून बाहेर पडल्यावर स्वतःचं आडनाव वापरता येईना. जर्मन 'हॉर्श' म्हणजे 'ऐक', त्याचं लॅटिन 'ऑडी'. व्होल्वो म्हणजे 'मी गडगडतो', ते नाव आधी एसकेएफ कंपनीनं बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलं होतं. फियाटच्या खरी जवळची म्हणजे अल्फा. तीही आद्याक्षरंच, 'लोम्बार्डीचा मोटार कारखाना' अशा अर्थाची, आणि तिथेही योगायोगानं ग्रीक अक्षर तयार झालं.

जुनं_लोखंड (मिरज)

म्हणजे फियाट = तथास्तु. डिकीवर तेच लिहा, वाद मिटला.

शब्दवेल्हाळ (सातारा)

नाही हो, 'तथास्तु'मध्ये 'तसं' आलं. समोरच्यानं काहीतरी मागितलेलं असावं लागतं. 'फियाट' नुसतं 'अस्तु'. व्याकरणानंही जोडी जमते, 'अस्तु' हेही तृतीयपुरुषी एकवचनच.

बाकीची नावंही बघून घ्या. 'मिलेचेंतो' म्हणजे इटालियनमध्ये अकराशे, मिले हजार आणि चेंतो शंभर. हा 'चेंतो' आणि आपला 'शत' एकाच मुळाचे. 'डिलाइट'मध्ये डीचाच विस्तार दिसतो. 'प्रीमियर' फ्रेंच, अर्थ पहिला. 'प्रेसिडेंट'चा धात्वर्थ 'पुढे बसणारा', त्या हिशेबानं ड्रायव्हरच. 'पद्मिनी'चा अर्थ बरेच जण 'कमळावर बसलेली' असा सांगतात, ती पद्मासना. पद्मिनी म्हणजे कमळवेल, किंवा कमळांनी भरलेलं तळं. गाडीला नाव मिळालं ते चितोडच्या राणीवरून. चितोडचा वेढा १३०३ चा आणि राणीची कथा रंगवणारं जायसीचं काव्य १५४० चं, तेव्हा इतिहास आणि कथा यांत दोनशे सदतीस वर्षांची फट आहे हे लक्षात असू द्या.

प्रीमियरच्या नंतरच्या गाड्यांना नाव म्हणून नुसते आकडे. ११८एनई म्हणजे १.१८ लिटर निसान इंजिन (खरं माप ११७१ सीसी), १३७डी म्हणजे १.३७ लिटर डिझेल. आणि कंपनीचं लघुरूप 'पाल'. मराठी माणसाला विचारून ठेवलं नसावं.

स्पॅनर_१०_११ (कराड)

नावाचा विषय निघालाच आहे तर एक इशारा, यात पैसे बुडतात. बाहेरून सुटे भाग मागवताना '११००डी' एवढंच लिहू नका. इटलीतल्या ११००डी मध्ये १२२१ सीसी इंजिन होतं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. आपल्या डिलाइट-पद्मिनीत १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक तोच ७५. नाव एक, पिस्टन वेगळा.

पिस्टन तर दिसतानाच कळतो, बसतच नाही. फसवतं ते हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पातळ पॅकिंग. ७२ चं गॅस्केट ६८ च्या बोअरवर ठेवलं की प्रत्येक सिलिंडरभोवती २ मिलिमीटरची खाच राहते. कॉम्प्रेशनमध्ये फरक नगण्य, पण त्या खाचेत कार्बन साचतो, तो तापून लाल होतो आणि चढावर इंजिन ठोकायला लागतं. खंबाटकीला तिसऱ्यावर टकटक आली की लोक ठिणगीचं टायमिंग मागे घेत बसतात. उलट केलं, म्हणजे ६८ चं गॅस्केट ७२ वर, तर कडा थेट सिलिंडरमध्ये डोकावते आणि जळते. ऑर्डर देताना बोअर, स्ट्रोक आणि इंजिन नंबर, तीनही द्या. ब्लॉक रीबोअर (सिलिंडर कोरून मोठे) झालेला असेल तर आधी बोअर गेजनं माप घ्या, वरच्या टोकाला झिजेची कडा लागते त्याच्या खाली. आरसीवर काय लिहिलंय ते तिथे कामाचं नाही.

कुपवाड_एमआयडीसी

बिल्ल्याचं बोलतो. जस्ताचं डायकास्ट पुन्हा क्रोम होतं, पण बंपर करणाऱ्या प्रत्येकाला जमत नाही. लोखंडी बंपरचा जुना थर काढायला सर्रास हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात. त्यात जस्त बुडवलं की फेस येतो आणि अक्षराच्या कडा वितळून जातात. कॉस्टिकसुद्धा जस्ताला खातं, म्हणून तिथेही मिनिटांवर लक्ष ठेवावं लागतं. बिल्ला देताना 'हे जस्त आहे' असं चिठ्ठी बांधून द्या. लोहचुंबक चिकटत नाही एवढी खूण पुरते.

पुळ्या म्हणजे आतून फुटलेला गंज. क्रोमला बारीक छिद्र पडलं की ओल जस्तापर्यंत जाते आणि पांढरी भुकटी वरचा थर उचलते. वरून बफ मारून त्या जात नाहीत. प्रत्येक पुळी बारीक बरनं (दातेरी फिरत्या टोकानं) चमकदार धातू दिसेपर्यंत कोरायची. मग तांब्याचा पहिला थर, तोही सायनाईडच्या बाथमधलाच (बाथ म्हणजे द्रावणाची टाकी). अ‍ॅसिडच्या तांब्यात किंवा थेट निकेलमध्ये जस्त टाकलं तर ते विरघळायला लागतं आणि थर धरत नाही. पहिल्या थरानंतर खड्डे कथलाच्या सोल्डरनं भरायचे, घासून सपाट करायचे, पुन्हा तांबं, मग निकेल, शेवटी क्रोम. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. चमक निकेलची आणि सपाटी तांब्याची. तांब्यावर दिसणारा ओरखडा क्रोममध्ये दुप्पट दिसतो, म्हणून तांब्याच्या टप्प्यावर जाऊन नजरेखालून घाला. सायनाईडचा बाथ परवानगीवाल्या कारखान्यातच असतो, घरगुती किटच्या नादी लागू नका.

बफिंगवाल्याला आणखी एक सांगा: अक्षरांवर कडक चाक लावू नको. 'ए'ची आतली जागा आणि 'टी'चे कोपरे एकदा गोल झाले की कोणताही थर ते परत आणत नाही.

तुटलेल्या पिनेला गॅसची ज्योत दाखवायची नाही. हा मिश्रधातू ३८०-३९० अंशांना वितळतो, पितळेच्या डागाला नऊशेच्या आसपास लागतं. पिनेच्या जागी अडीच मिमीचं भोक, साधारण चार मिमी खोल, पुढे टोक बाहेर येणार नाही एवढंच. त्यात ३ मिमीचे आटे पाडायचे आणि स्टेनलेसचा स्टड दोन भागांच्या इपॉक्सीत बसवायचा. भोक आणि आटे प्लेटिंगच्या आधी पाडून ठेवा, स्टड नंतर चिकटवा. प्लेटिंगला देताना त्या भोकात मेणाचा बोळा घाला, नाहीतर आत अडकलेलं बाथचं पाणी महिन्याभरानं झिरपतं आणि नव्या रंगावर हिरवट ओघळ येतो.

जुनं_लोखंड (मिरज)

हरिपूर, भोकांचं सांगा. डिकीचं झाकण उघडून आतल्या बाजूनं टॉर्च मारा. कारखान्यातलं भोक रंगाच्या आधी पडलेलं असतं, त्यामुळे त्याच्या कडेच्या जाडीत मूळ प्रायमर आणि मूळ रंग उतरलेला दिसतो. नंतर ड्रिलनं पाडलेल्याला आतून चुरा, म्हणजे धातूची उभी कडा असते आणि रंगाऐवजी गंज. पुटी सुईनं काढा, ग्राइंडर लावू नका, पुरावा जाईल.

हरिपूर_रोड (सांगली)

बघितलं. वरच्या ओळीतली तीन भोकं गुळगुळीत, कडेला मूळ फिकट निळा रंग आणि खाली लाल प्रायमर. खालच्या ओळीतली चार भोकं वाकडीतिकडी, आतून कडा आलेल्या, दोन तर अंडाकृती. जुना बिल्ला 'फियाट'वाला आहे. त्याच्या दोन शाबूत पिना वरच्या ओळीतल्या दोन भोकांत सैल न होता बसल्या, आणि तुटलेल्या पिनेचा खुंट बरोबर तिसऱ्यावर येतो.

जुनं_लोखंड (मिरज)

मग प्रश्नच संपला. डिकीवर कारखान्यानं 'फियाट' लावलं होतं. प्रेसिडेंटसाठी वेगळी भोकं पाडलेली असती तर तीही मूळ रंगाखाली सापडली असती. खालची चार नंतरच्या कुणाच्या तरी हौसेची. वरची ठेवा, खालची बुजवा.

बुजवताना पुन्हा पुटी नको. डिकीचं झाकण आपटतं, पत्रा थरथरतो, पुटीच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि तिथून पाणी शिरतं. मागून तांब्याची पट्टी दाबून धरायची (तांब्याला वेल्ड चिकटत नाही), ०.८ मिमीच्या तारेनं मिग वेल्डिंगचा एक टाका, मग थांबायचं. पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत दुसऱ्या भोकाकडेही जायचं नाही. सलग चारही भरली तर डिकीच्या मधोमध लाट येते आणि ती काढायला पुन्हा पुटीच लागते. अंडाकृती भोकं आधी गोल करून त्यात पत्र्याची टिकली बसवा.

बिल्ला रंगाच्या आधी एकदा बसवून बघा, रंग झाल्यावर लगेच नको. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाला निदान दोन आठवडे सुकू द्या, नाहीतर बिल्ल्याखाली कायमचा ठसा उमटतो. भोकांच्या कडांना आतून-बाहेरून प्रायमर गेलाय का बघा, फवारणीत नेमक्या कडाच सुटतात, तिथे बारीक ब्रशनं लावा. बसवताना सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल जस्त आणि पत्रा दोन्ही खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. पिनांवर स्पीड नट (दाबून बसणारे पत्र्याचे नट) अंगठ्यानं दाबले तेवढे बास, पान्यानं आवळलं की दुसरी पिन जाईल.

पासिंग_पंचायत (सातारा)

व्हिंटेज नोंदणीचं राहिलं. केंद्राचे नियम जुलै २०२१ चे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण लागतात. उत्पादनाच्या वर्षापासून नाही, म्हणजे तुमची मुदत फेब्रुवारी २०२४ ला भरली. अर्ज नमुना २० मध्ये, फी २०,००० रुपये, प्रमाणपत्र १० वर्षांचं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबर एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा येतो. मात्र तो घेतल्यावर गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, तेल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. गणपतीपुळ्याला सहकुटुंब जायचं असेल तर साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत राहणंच बरं.

बिल्ल्यावरून गाडी अडत नाही. नियमात शब्द आहे तो चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नसण्याचा. अडते ती नंबरावरून. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी आणि चेसिस एकच. नंबर इंजिनच्या खणात मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. रंगाला जाण्याआधी त्यावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या, इंजिन नंबरचाही घ्या, दोन्ही आरसीशी ताडून बघा. मग त्या जागेवर मास्किंग टेप. रंगारी तिथे ग्राइंडर फिरवतो आणि वर तीन थर मारतो, मग तपासणीच्या दिवशी नंबर वाचता येत नाही. शेजारची अ‍ॅल्युमिनियमची पाटी रिव्हेटसकट जागेवर राहू द्या. चमकवायला काढून नव्या रिव्हेटनं बसवली की तपासणाऱ्याला शंका यायला तेवढं पुरतं. पाटीखालचा पत्रा गंजला असेल तर तो तुकडा कापायच्या आधी आरटीओला लेखी कळवा, फोटोसह.

हरिपूर_रोड (सांगली)

ठसे घेतले, दोन्ही नंबर जुळले. बिल्ला 'जस्त' अशी चिठ्ठी बांधून उद्या कुपवाडला जातोय. खालची दोन भोकं सहा मिमीपर्यंत गोल करावी लागली. टिकलीसाठी एक मिमीचा पत्रा चालेल का?

जुनं_लोखंड (मिरज)

झाकणाच्या पत्र्याएवढाच घ्या, जाड नको. जाड टिकली उशिरा तापते आणि तोवर कडेचा पातळ पत्रा वितळून भोक सहाचं आठ होतं. जुन्या डिकीचं भंगार झाकण मिळालं तर त्यातूनच कापा.